अ‍ॅप शिकवेल, पण सोल्डरिंग?

मंडळी, हल्ली आयटीआय-डिप्लोमाच्या पोरांसाठी अ‍ॅप्सचा नुसता सुकाळ झालाय. व्हिडिओ बघा, चार पर्यायांतला एक निवडा, हिरवी टिक आली की आलं कौशल्य! आता सोल्डरिंगच घ्या. ६३/३७ चं कथील-शिसं १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, हे अ‍ॅप छान सांगेल. पण पॅड नीट तापलं नाही की होणारा ड्राय जॉइंट? तो स्वतः दहा-वीस जॉइंट बिघडवल्याशिवाय कळत नाही. आमच्या धंद्यातलं गुपित सांगतो: क्विझ तपासायला दोन ओळींचा कोड पुरतो, जॉइंट तपासायला मास्तर लागतो. म्हणून तर क्विझ इतक्या!

मग मोबाईल कुचकामी? मुळीच नाही. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाचं २०१६ मध्ये आलेलं फायफॉक्स बघा. फुकट आहे. ते फोनमधले सेन्सर्स सरळ आपल्या हाती देतं. फोनच दोरीला टांगा, झोके मोजा आणि गुरुत्व त्वरण काढा. एक मीटरच्या लंबकाला एका पूर्ण झोक्याला साधारण २ सेकंद लागतात. तुमचे जास्त आले? का आले, ते शोधा. शिक्षण तिथे होतं.

तेव्हा कॉलेजवाल्यांनो, अ‍ॅप जरूर घ्या, पण त्याच्या नावाखाली वर्कशॉपचे तास कापू नका. आणि घेण्याआधी एवढंच बघा: हे पोरांना करायला लावतं, की नुसतं बघायला?