इफ्तारची वेळ आणि पंचिंग मशीन

या दिवसांत मुंबईत रोजा पावणेसातच्या आसपास सुटतो. सरकारी कचेरी सव्वासहाला सुटते. म्हणजे मुंब्रा-कल्याणकडचा रोजेदार मगरिबच्या वेळी फार तर भायखळा-दादरच्या मध्ये असतो, खिशातला खजूर काढायलाही हात हलत नाही अशा गर्दीत. शेजारचा कुणी पाण्याची बाटली पुढे करतो. ही माणुसकी खरीच. पण इतके लोक एकाच वेळी त्या डब्यात का, हेही विचारायला हवे.

९ जून २०२५ च्या सोमवारी सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींना ओलांडताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, जीव गेले. नंतर स्वयंचलित दारांची चर्चा झाली, लटकणाऱ्यांच्या बेफिकिरीचीही झाली. हजेरीच्या यंत्राबद्दल मात्र फार कुणी बोलले नाही. तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापायचा, ही अनेक खासगी कचेऱ्यांतली रीत. मग पुढची लोकल चार मिनिटांनी असली तरी माणूस ती सोडत नाही. त्याची गाडी तो निवडत नाही, कचेरी निवडते. साहेबांना मात्र पार्किंग आणि पेट्रोल मिळते, म्हणून ते मोटारीने येतात. पास ज्याचा त्याने काढायचा.

मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने २०२३ मध्ये आपल्या कचेरीत साडेनऊ आणि साडेअकरा अशा दोन वेळा सुरू केल्या, इतर आस्थापनांनाही तशी विनंती केली. प्रतिसाद थंडच. दुकानातल्या नोकराला किंवा वॉर्डबॉयला वेळ बदलता येत नाही, हे मान्य. पण टेबलावरचे काम करणारे पुढेमागे सरकले तर त्याचीही गाडी थोडी मोकळी होईल.

तेलंगणात रमजानमध्ये मुस्लिम सरकारी कर्मचाऱ्यांना तासभर लवकर जाऊ देतात. मला इथे तेवढेच नको. पाळणाघरातून मूल आणायला धावणारी सहकारीण माझ्याकडे रागाने पाहील, आणि तिचे चुकणार नाही. सवलत द्यायची तर कारण न विचारता सगळ्यांना द्यावी.

आमच्या गाडीतल्या एकाच्या कंपनीने नऊ ते अकरा केव्हाही या, आठ तास भरा, असे ठरवले. एरवी तो उशिराची धीमी लोकल पकडतो, कधीकधी बसायलाही मिळते. रमजानमध्ये नऊच्या ठोक्याला हजर होतो, पाचला निघतो आणि रोजा घरी सोडतो.