पातळ फोनचं कौतुक पुरे!

५.६ मिलिमीटर जाडीचा आयफोन एअर, किंमत १ लाख १९ हजार ९००. खिशात जाणवत नाही म्हणे. हप्ते जाणवतात का, ते कोणी सांगत नाही.

मंडळी, मला आठवतो तो अंगणवाडी सेविकांचा फोन. २०१९ मध्ये सरकारनं वाटलेला, २ जीबी रॅमचा. पुढं पोषण ट्रॅकर आलं, ते त्यावर चालेना, वर इंग्रजीची कटकट. फोन गरम, हँग. दुरुस्तीचा खर्च सेविकांच्याच माथी. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन चक्क सरकारला परत केले. आपल्याकडं मोबाईलचं इतकं खरं परीक्षण दुसरं झालं नाही. (फुकटात फोन मिळालेला एखादा यूट्यूबवाला असं करील का?)

जानेफळात फोन म्हणजे ई-पीक पाहणी. सोयाबीनच्या वावरात उभं राहून फोटो काढायचा. तिथं उन्हात स्क्रीन दिसली पाहिजे, जीपीएस धरलं पाहिजे, बॅटरी टिकली पाहिजे. जाडी कोण मोजतं?

युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आहे: ८०० वेळा चार्ज करूनही बॅटरीत ८० टक्के क्षमता राहिली पाहिजे, मुख्य सुटे भाग ७ वर्षं मिळाले पाहिजेत. आपल्याकडं तीन वर्षांनी बॅटरी बदलायला जा, 'नवाच घ्या ना दादा' ऐकून या. मे २०२५ मध्ये केंद्राच्या समितीनं दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल दिलाय. तो आकडा मोबाईलच्या खोक्यावर कधी छापणार, हे आपल्या खासदारांना विचारा की!