विश्लेषण : राखीव क्वार्टरबॅकचा भाव नेमका ठरतो कसा?

अमेरिकेतील एनएफएलचा हंगाम फेब्रुवारीत सुपर बोलनं संपतो आणि एप्रिलअखेरीस नव्या खेळाडूंचा ड्राफ्ट होतो. या मधल्या काळात तिथल्या फुटबॉलचाहत्यांमध्ये एका वादाला दरवर्षी हमखास तोंड फुटतं. आपल्या संघातला राखीव क्वार्टरबॅक दुसऱ्या संघाला दिला, तर बदल्यात काय मिळेल? कुणाला तो सोन्याच्या मोलाचा वाटतो, तर कुणाला मिळेल त्या भावात देऊन मोकळं व्हावंसं वाटतं. हंगामभर बहुतांश वेळ मैदानाबाहेर उभ्या असणाऱ्या खेळाडूवरून एवढा वाद का होतो आणि त्याची किंमत ठरते तरी कशी?

क्वार्टरबॅकला एवढं महत्त्व का?

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाची जवळपास प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. चेंडू कुणाकडे फेकायचा, कुणाच्या हातात द्यायचा, हा निर्णय तो काही सेकंदांत घेतो. हे सगळं अंगावर धावून येणाऱ्या बचावपटूंसमोर करायचं असल्यानं दुखापतीचा धोका कायम असतो. इतर जागांवर खेळाडू आलटून पालटून उतरतात. क्वार्टरबॅकचं तसं नाही. पहिला धडधाकट असेपर्यंत दुसऱ्याला सहसा संधी मिळत नाही. थोडक्यात, राखीव क्वार्टरबॅक म्हणजे संघानं काढलेला विमा. तो वापरावा लागू नये, अशीच सर्वांची इच्छा असते.

सौदा पैशांत का होत नाही?

आयपीएलमध्ये खेळाडूंचे ट्रेड रोखीत किंवा खेळाडूच्या बदल्यात खेळाडू असे होतात. एनएफएलमधलं मुख्य चलन मात्र ड्राफ्टमधली निवड हे आहे. ३२ संघ सात फेऱ्यांत महाविद्यालयीन खेळाडू निवडतात आणि आपल्या वाट्याची निवड दुसऱ्या संघाला देऊ शकतात. या निवडींना गुण देणारं कोष्टक १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात रूढ झालं. त्यात पहिल्या निवडीला ३,००० गुण आहेत, सोळाव्या निवडीला १,००० आणि बत्तिसाव्या निवडीला ५९०. आज अनेक संघांची स्वतःची कोष्टकं आहेत, पण चाहत्यांच्या वादात आकडेमोड याच धर्तीवर चालते.

दुसरा मुद्दा पगाराचा. प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर मर्यादा असते. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. त्यामुळे खेळाडू कसा आहे यासोबतच त्याचा करार किती स्वस्त आहे आणि किती वर्षं उरला आहे, हेही किमतीत धरलं जातं.

गॅरोपोलोच्या सौद्यात काय घडलं?

या वादात हमखास निघणारं नाव म्हणजे जिमी गॅरोपोलो. न्यू इंग्लंड पेट्रियट्सनं त्याला २०१४ मध्ये दुसऱ्या फेरीत टॉम ब्रेडीचा वारसदार म्हणून निवडलं. २०१६ मध्ये ब्रेडीवर चार सामन्यांची बंदी आली आणि गॅरोपोलोला संधी मिळाली. तो चमकला, पण दुसऱ्याच सामन्यात त्याच्या खांद्याला दुखापत झाली. पेट्रियट्सकडून तो एकूण ९४ पास फेकू शकला. त्यांत पाच टचडाउन होते आणि एकही चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला नाही. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर चाहते पहिल्या फेरीतल्या निवडीची स्वप्नं पाहू लागले.

प्रत्यक्षात ऑक्टोबर २०१७ च्या अखेरीस तो सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडे गेला, तो दुसऱ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात. त्याचा करार त्या हंगामाअखेर संपणार होता. ब्रेडी चाळिशीतही थांबायला तयार नव्हता आणि राखीव खेळाडूला मुख्य क्वार्टरबॅकचा पगार देणं परवडणारं नव्हतं. हंगाम संपल्यावर तो फुकट निघून जाण्याची शक्यता असल्यानं पेट्रियट्सची बाजू लंगडी झाली होती.

सॅन फ्रान्सिस्कोनं तोवरचे आठही सामने गमावले होते. गॅरोपोलोनं शेवटचे पाच सामने मुख्य क्वार्टरबॅक म्हणून खेळून पाचही जिंकून दिले. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याला पाच वर्षांचा १३ कोटी ७५ लाख डॉलरचा करार मिळाला.

गरज भाव कसा वाढवते?

याउलट चित्र २०१६ मध्ये दिसलं. हंगाम तोंडावर असताना ३० ऑगस्टला मिनेसोटा वायकिंग्जचा क्वार्टरबॅक टेडी ब्रिजवॉटर सरावात गुडघ्याला गंभीर दुखापत होऊन बाहेर गेला. चौथ्या दिवशी वायकिंग्जनं फिलाडेल्फिया ईगल्सकडून सॅम ब्रॅडफर्डला घेतलं. बदल्यात पहिल्या फेरीतली निवड आणि शिवाय चौथ्या फेरीतली एक सशर्त निवड मोजली. ब्रॅडफर्ड त्या चार दिवसांत काही अधिक चांगला खेळाडू झाला नव्हता. समोरचा संघ अडचणीत आला होता, एवढाच फरक. वायकिंग्जचा हंगाम आठ विजय आणि आठ पराभवांवर संपला. ईगल्सनं मात्र त्या निवडीतून डेरेक बार्नेट हा बचावपटू मिळवला.

खेळाडू न विकणं चूक ठरतं का?

याचं उत्तरही ईगल्सकडेच आहे. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झ जायबंदी झाला आणि राखीव निक फोल्सनं संघाला सुपर बोलपर्यंत नेलं. अंतिम सामन्यात त्यांनी ब्रेडीच्या पेट्रियट्सना ४१-३३ असं हरवलं. सामन्याचा मानकरी ठरला फोल्स आणि अखेरच्या मिनिटांत ब्रेडीच्या हातून निसटलेला चेंडू ताब्यात घेतला तो बार्नेटनं.

त्यानंतर फोल्सला विकावं, असा सूर जोरात निघाला. ईगल्सनं विकलं नाही. २०१८ च्या अखेरीस वेन्ट्झ पुन्हा जायबंदी झाला आणि फोल्सनं संघाला बाद फेरीत पोहोचवलं. २०१९ मध्ये तो आठ कोटी ८० लाख डॉलरच्या करारावर जॅक्सनविलला गेला. नियमानुसार ईगल्सना भरपाई म्हणून २०२० च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीतली निवड मिळाली. जॅक्सनविलमध्ये पहिल्याच सामन्यात फोल्सच्या गळपट्टीचं हाड मोडलं. वर्षभरानं तोच खेळाडू चौथ्या फेरीतल्या एका निवडीवर शिकागोला देण्यात आला.

मग चाहत्यांनी काय पाहावं?

तीन गोष्टी. करार किती उरला आहे, क्वार्टरबॅकसाठी घायकुतीला आलेला संघ आहे का आणि उद्या आपलाच पहिला खेळाडू पडला तर आपल्याकडे कोण आहे. चाहत्यांचा वाद बहुधा पास आणि टचडाउनच्या आकड्यांपाशी अडतो, पण सौदा ठरतो तो या तीन प्रश्नांवर.

या सगळ्यात सर्वाधिक पणाला लागलेलं असतं ते त्या खेळाडूचं आयुष्य. करारात तशी तरतूद नसेल, तर कुठे जायचं हे त्याच्या हातात नसतं. चुकीच्या संघात दोन वर्षं गेली की उमेदीचा काळ सरतो. गॅरोपोलोला एका सौद्यानं मैदान मिळालं. अनेकांना ते कधीच मिळत नाही आणि त्यांचा खरा भाव किती होता, हे कुणालाच कळत नाही.