राहणे: शून्य

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या टीममधला एक नवा पोरगा डबा घेऊन समोर येऊन बसला. "तू म्हणे पूर्वी कोकणात तंबू टाकून फुकट राहायचास. आम्हाला पण सांग ना एखादा बीच. अलिबाग-काशीद सोडून, तिथे फार पब्लिक असतं." सहाजण आहेत, जोडून सुट्टी आलीये, बजेट टाइट. मी जागा सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. "शुक्रवारी सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. का मारून नेली, ते सांगायला हा शनिवारचा प्रपंच.

आमच्या त्या ट्रिपचं एक्सेल शीट माझ्याकडे अजून आहे. (हो, मी तसला माणूस आहे. आमच्या घरी दुधाचा हिशोबही पिव्होट टेबलमध्ये असतो. बायकोने बोलणं सोडून दिलंय.) जानेवारी २००९. लेहमन बुडून चार महिने झाले होते, सत्यमचं प्रकरण त्याच महिन्यात फुटलं होतं, आणि आमचा व्हेरिएबल पे या जगात होता हे आम्ही विसरायला शिकत होतो. ऑनसाइटहून परत पाठवलेला एक मित्र येताना तिकडचे दोन तंबू घेऊन आला होता. मित्राच्या भावाची क्वालिस होती. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत आम्ही सहाजण दिवेआगरच्या बाजूला एका छोट्या गावी जाऊन थडकलो. गावाचं नाव मुद्दामच देत नाही.

शीट असं आहे: डिझेल ११००, वडापाव-चहा-नाश्ता ४२०, किराणा आणि कोंबडी ४८०, इतर ३००. राहणे ०. एकूण २३००, म्हणजे माणशी ३८३ रुपये. हा आकडा मी पुढे कित्येक वर्षं लोकांना ऐकवला. लग्न ठरवताना बायकोलाही ऐकवला होता, म्हणजे बघा.

आता त्या शून्याबद्दल.

संध्याकाळी सुरूच्या बनात तंबू लावले. पाणी नव्हतं, म्हणून शेजारच्या वाडीत गेलो. काकूंनी विहिरीवरून दोन कळश्या भरून दिल्या, वर चार शहाळी काढून दिली. आमच्या हुशार ड्रायव्हरने गाडी थेट वाळूत घातली होती, तिची मागची चाकं रुतली. "सकाळी बघू." रात्री अकराच्या सुमाराला एकजण अंधारात अनवाणी गेला आणि फुटलेल्या बिअरच्या बाटलीवर त्याचा पाय पडला. आमची नव्हे हो, आमच्याआधी कोणीतरी असंच फुकट राहून गेलं होतं त्यांची. तळपायातून भसाभसा रक्त. गाडी रुतलेली, मोबाइलला रेंज नाही.

परत त्याच वाडीचं दार. काका झोपेतून उठले, बघितलं, आणि एक शब्द न बोलता गोठ्यामागून एम-एटी काढली. ज्यांना एम-एटी माहीत नाही त्यांनी आपल्या वडलांना विचारावं. त्या गाडीवर पुढे काका, मध्ये जखमी, मागे त्याला धरून मी, असे तिघं पलीकडच्या गावच्या डॉक्टरांकडे गेलो. सहा टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, ३०० रुपये. तेच ते 'इतर'. परत आलो तेव्हा दोन वाजले होते आणि काकूंनी सगळ्यांसाठी पेज करून ठेवली होती. सकाळी काकांनीच गावातून ट्रॅक्टर आणवून क्वालिस ओढून काढली. "किती द्यायचे?" असं विचारलं तर म्हणाले, "पैशाचं काय घेऊन बसलात. तेवढ्या बाटल्या मात्र उचलून न्या." आम्ही आमच्या उचलल्या. बाकीच्या तिथेच.

अजून एक गोष्ट शीटमध्ये नाही आणि मी ती आजवर कोणाला सांगितलेली नाही. सकाळी आम्ही सहाजण सुरूमागे जिथे जिथे बसलो होतो, तिथून गावातल्या बायकांची किनाऱ्यावर जायची पायवाट होती. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई आली, आम्हाला पाहून थबकली, मान वळवली आणि वाळूतून लांबचा वळसा घेऊन गेली. आम्ही हसलो. बावीस-तेवीस वर्षांचे, इंजिनियर झालेले सहा घोडे, आणि हसलो. नंतर कधीतरी, मुलगी झाल्यावर बहुधा, तो वळसा मला आठवायला लागला आणि मग काही केल्या जाईना.

डिसेंबर २०२२ मध्ये बायको-मुलीला घेऊन त्याच गावात गेलो. सुरूचं बन ओळखू येईना. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात धडकलं होतं, हे पेपरात वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. झाडं आडवी झाली होती त्या जागी मोकळं आकाश होतं. वाडीच्या दारात 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' असा बोर्ड. खोली १८००, ताट २५०. मी ओळख द्यायच्या आधी सवयीने काय म्हणालो असेन? "बघा ना काही कमी होतंय का." पंचवीस-तीस लाखांच्या पॅकेजवाला माणूस. काकू म्हणाल्या, "दोनशे कमी करते." गोठ्यामागे गंजलेली एम-एटी दिसली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जुनी गोष्ट सांगितली. त्यांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही ते काचवाले होय!"

काका २०२१ मध्ये गेले. मुलगा मुंबईची नोकरी लॉकडाऊनमध्ये गेल्यावर घरी परत आला. वादळात वाडीतल्या सुपाऱ्या जवळजवळ सगळ्या मोडल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव आपण ऐकतो, पण नवं झाड लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षं तरी जातात, हे कोण लक्षात घेतं? तोवर घर चालणार कशावर? त्या दोन खोल्यांवर. म्हणजे १८०० मधले जे दोनशे मी पाडले होते ते कुठून पडले ते कळलं ना? (निघताना पूर्ण दिले. त्याने काही फार मोठा तीर मारला असं नाही.)

तर माझं म्हणणं असं. फुकट कॅम्पिंग फुकट नसतं, बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं, इतकंच. विहीर कोणाची तरी असते. तुमचा कचरा कोणीतरी उचलतं किंवा कोणाच्या तरी पायात जातो. काही ग्रामपंचायती पर्यटकांच्या गाड्यांकडून स्वच्छता कर घेतात, तर त्या चाळीस-पन्नास रुपयांवरून नाक्यावर हुज्जत घालणारी मंडळी मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या गाड्या माझ्यापेक्षा महाग असतात.

याच्यावर ठरलेलं उत्तर येतं: "समुद्र काय कोणाच्या बापाचा आहे का?" नाही, नाहीये. बसा की रात्रभर, तारे मोजा. पण सहाजणांचं सकाळचं आवरणं समुद्राच्या मालकीत बसत नाही. शिवाय तिथे रात्री इतरही येतात. दिवेआगर, हरिहरेश्वर, मारळ या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका आपला तंबूचा सीझन. मादी रात्री अंधारात वर चढते. उजेड, गोंगाट दिसला तर अंडी न घालताच परत जाते. आपली शेकोटी आणि ब्लूटूथ स्पीकर कुठे लागलेला असतो, ते आठवा.

बरं, मग पैसे देऊन कॅम्प? तेही सांगतो. २०२३ मध्ये हापिसची टीम आउटिंग याच किनाऱ्यावर एका 'बीच कॅम्प'ला झाली. माणशी १६०० रुपये. त्यात एक तंबू, ज्यात पंखा नाही, बाराजणांत दोन संडास, रात्री बारापर्यंत डीजे आणि करपलेलं बार्बेक्यू. जागा शहरातल्या कोणीतरी भाड्याने घेतलेली, वाढणारी पोरं गावातली, रोजंदारीवर. किनाऱ्यालगत पक्क्या बांधकामाला सीआरझेडची आडकाठी असते, खेडेगावात बऱ्याच ठिकाणी भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत. कापडाला कोण विचारतो, म्हणून तंबू! आता गंमत बघा. काकूंकडे सहाजणांनी दोन खोल्या घेतल्या तर माणशी ६०० पडतात, पंखा आणि संडास धरून. तंबू खोलीपेक्षा महाग! आणि स्वतःचा तंबू घ्याल तर तोही हिशोब केलाय: माझा ४००० चा, सहा वर्षांत सात रात्री वापरला, रात्रीला ५७१ रुपये. बाकीचा वेळ तो माळ्यावर फुकट राहतोय.

पण मग तंबूत राहूच नये का? इथे माझं मलाच अडायला होतं. कारण ३८३ रुपयांची ती ट्रिप झाली नसती तर मी कोकणात पुन्हा गेलो असतो की नाही कोण जाणे. खिशात पैसे नसलेल्या पोरांनी समुद्र बघूच नये, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि खोलीच्या खिडकीतून ऐकलेली गाज आणि कापडातून ऐकलेली गाज यांत फरक असतोच, उगाच नाकारण्यात अर्थ नाही.

न्यूझीलंडमध्ये हा झगडा फार आधी झाला. तिथे फ्रीडम कॅम्पिंगवर २०११ मध्ये कायदाच केला: जिथे बंदी आहे तिथे राहिलात तर दंड. पुढे २०२३ च्या कायद्याने 'सेल्फ-कंटेन्ड' म्हणवणाऱ्या गाडीत पक्कं बसवलेलं संडास हवं, नुसती सुटी बादली चालणार नाही, असं ठरवलं. मला ते वाचून फार बरं वाटलं. एवढ्या मोठ्या निसर्गप्रेमाचा सगळा वाद शेवटी संडासापाशी येऊन थांबला, आणि त्यांनी न लाजता कायद्यात तो शब्द घातला.

आपल्याकडे राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅराव्हॅन पार्कांचाही विचार आहे. चांगलंय. पण म्हसळ्याच्या पुढे समोरून एसटी आली की माझी छोटी गाडीसुद्धा गटारात उतरवावी लागते, तिथे ते चालतं-फिरतं घर कोण आणणार? आम्हाला एवढं मोठं नकोच आहे. गावाने किनाऱ्यापासून जरा आत, नारळीच्या सावलीत अर्धा एकर जागा द्यावी. चार संडास, एक नळ, कचऱ्याचा डबा, नाव-नंबर लिहायची वही, आणि तंबूमागे दोनशे-तीनशे रुपये गावाला. रात्री कोणाचा पाय कापला तर ज्याला उठवायचं तो माणूस ठरलेला, आणि त्याला त्याचे पैसे मिळतायत. बास. कॉलेजच्या पोरांनाही हे परवडतं. एका पिझ्झाचा भाव आहे.

काकूंच्या मुलाने हे माझ्याआधीच ओळखलंय. सुपाऱ्या पडलेल्या मोकळ्या जागेत तो आता तंबू टाकू देतो, तंबूमागे ३०० रुपये. संडास मागच्या अंगणात, पाणी विहिरीचं, समुद्र पाच मिनिटांवर. दहानंतर स्पीकर बंद, काचेची बाटली आत आणायची नाही. हा शेवटचा नियम कोणामुळे आला ते तुम्हाला माहीत आहे.

काल शुक्रवारी त्या पोराला नंबर दिला, सगळं नीट समजावलं, एम-एटीसकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, फोनवर कॅल्क्युलेटर उघडला, आणि म्हणाला, "तीन तंबूंचे नऊशे होतात. सातशेला देईल का रे तो?"