हापशाचा हिशेब

आम्ही कापडवाले. हापशाशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध मापाचा आहे. गज जसा दर वेळी तेवढेच कापड मोजतो, तसा हापसा दर खेपेला ठरलेलेच पाणी वर टाकतो.

पाण्यात बुडालेल्या सिलिंडरमध्ये एक दट्ट्या असतो. दांडा दाबला की दट्ट्या वर चढतो, त्याची झडप मिटते आणि वरचे पाणी उचलले जाते. त्याच वेळी तळाची झडप उघडून नवे पाणी आत येते. दांडा सोडला की तळाची झडप मिटते आणि कोंडलेले पाणी दट्ट्यातून वर सरकते. दट्ट्याभोवतीचा वायसर, पूर्वी चामड्याचा आणि आता बहुधा रबराचा, पाणी निसटू देत नाही. सारी मदार त्याच्यावर.

हे यंत्र आपल्याच मुलखात घडले. जालना पंप आणि सोलापूर पंप यांच्या अनुभवातून 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क 2’ तयार झाला. त्याचा सिलिंडर 63.5 मिलिमीटर व्यासाचा आणि दट्ट्याची चाल 125 मिलिमीटर. म्हणजे एका खेपेला सुमारे 400 मिलिलिटर पाणी. 40 वेळा हापसल्यावर 15 लिटरची बादली भरलीच पाहिजे. 60 वेळा हापसावे लागले, तर बोअर आटला म्हणण्याआधी वायसर, झडपा आणि पाइपाचे सांधे तपासावेत.

आमचे म्हणणे एवढेच की नांदेड-लातूरकडे चांगल्या बोअरचा हापसा केवळ वायसरसाठी गंजत पडू नये. मार्क 2 चा वायसर बदलायला सगळे पाइप वर काढावे लागतात. हलका वायसर विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाचे चार पैसे वाचवतो आणि मजुरी दोनदा भरायला लावतो. ही तिजारत नव्हे. मार्क 3 मध्ये दट्ट्या पाइपातूनच वर ओढता येतो, हे नव्या खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावे.

लातूरच्या तेल गिरण्यांतील कारागिरांनाही हाच नियम लागू आहे. गिअर पंप दातांच्या खाचांत तेल कोंडून पुढे ढकलतो. पुढचा कॉक बंद असला तरी तो ढकलतच राहतो. मग पाइप फुटतो, नाहीतर मोटार जळते. म्हणून दाब सोडणारी झडप गळते अशी सबब सांगून ती आवळून बंद करू नये. तिच्यामुळे माणसांचे हातपाय शाबूत राहतात.

पंप पाणी निर्माण करीत नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा कोरड्या बोअरवर कोणताही वायसर उपयोगाचा नव्हता. पण जेथे पाणी आहे, तेथे ते वर आणण्याचा हुनर आपल्या पोरांच्या हाती असावा. प्रत्येक बाजारपेठेत एका दुकानाने अस्सल वायसर ठेवावेत आणि दोन तरुणांनी हे काम शिकावे. भांडवल थोडे लागते, मागणी मात्र उन्हाळ्यागणिक येते.