झीलकऱ्यांचा प्रश्न

जुने समूहगान ही संहिता आणि त्याचा रंगाविष्कार हा मागाहून चढवलेला साज, हे समीक्षेतील गृहीतक तपासून पाहिले पाहिजे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत वसलेल्या, म्हणजेच आजच्या उल्हासनगरातल्या सिंधी समाजाचा ‘भगत’ हा प्रकार ते खोटे ठरवतो.

पायघोळ झगा आणि घुंगरू घातलेला मुख्य गायक ओळ उचलतो. साथीदार ती झेलतात, परतवतात. तो नाचतो, उमर-मारुईची कथा सांगू लागतो, मध्येच थांबतो आणि पुन्हा ओळीवर येतो. १९३९ मध्ये ज्यांची हत्या झाली ते भगत कंवरराम या परंपरेतील मोठे नाव. या प्रयोगात झील धरल्यावाचून ओळीचा अर्थ पुरा होत नाही. गाणे आणि नाट्य वेगळे काढताच येत नाही. वारकरी कीर्तनातील टाळकऱ्यांविषयी हे मान्य करणारी मराठी समीक्षा भगताविषयी मात्र गप्प राहते.

‘भाषा निराळी’ ही सबब टिकणारी नाही. शेजारच्या अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२चा (इ. स. १०६०) लेख संस्कृत आहे, तरी महाराष्ट्राच्या इतिहासात त्याला जागा देताना कोणी अडखळले नाही. अडसर आहे तो ‘आपले’ कोणाला म्हणायचे याचा. झीलकरी गाळून भगतातले एखादे गीत एकल गायनासाठी मंचावर आणले, तर उरेल ती केवळ चाल. पण हे गाळणे मंचावर घडण्याआधी समीक्षेतच घडून चुकले आहे.