जुनेपण हें निदान नव्हे

“आतां तें जुनें झालें!” हें वाक्य आपल्या घरोघरीं दिवसांतून दहा वेळां ऐकूं येतें. घड्याळ थांबलें, छप्पर गळूं लागलें किंवा आजोबांचा गुडघा दुखला, कीं हें एकच कारण सर्वांस पुरतें. वास्तविक हें कारण नव्हे. कारण शोधण्याचा तो कंटाळा आहे. हा पाठ आम्हांस उतारवयांत एका मोटारीनें दिला.

आमचे चिरंजीव अमेरिकेंत, कोलोरॅडो राज्यांत, डेन्व्हर शहराजवळ राहतात. डोंगरांतल्या खडकाळ वाटांवर चालणारी, चारही चाकांना गति देणारी 1996 सालची मोटार त्यांचेजवळ आहे. तिचे गिअर आपोआप बदलतात. आम्ही उभयतां एका हिवाळ्यांत तेथें गेलों, तेव्हां या गाडीस विचित्र व्याधि जडली होती. चढावर उभी राहून निघतांना ती पहिला गिअर घेईना. वरच्याच गिअरांत रखडे. एक दिवस असें, मग आठवडाभर अगदीं निरोगी. विषमज्वराचीच ही गत! गॅरेजांत नेली कीं रोग पळे. मेकॅनिकनें एक फेरी मारली, गाडीचें वय विचारलें आणि सबंध गिअरपेटी बदलण्याचा सल्ला दिला. खर्च तीन हजार डॉलरांवर. ती रक्कम नातीच्या शिक्षणासाठीं बाजूस ठेवलेली. आणि तिलाच घेऊन सूनबाई याच गाडीनें रोज घाट उतरत. पैसा राखावा तर जिवाची धास्ती, असा पेंच पडला.

ही पेटी चालते कशी, हें आधीं पाहूं. इंजिनाची शक्ति तेलाच्या प्रवाहानें पुढें पोंचविणारा टॉर्क कन्व्हर्टर तिच्या तोंडाशीं असतो. त्याची मूळ कल्पना हेर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याची, 1905 सालची. त्यामागें दांत्यांचीं चक्रें असतात. मधल्यास सूर्यचक्र व भोंवतालच्यांस ग्रहचक्रें म्हणतात. कोणतें चक्र रोखावें व कोणतें फिरूं द्यावें हें तेलाचा दाब करतो. त्या तेलाच्या वाटा सोलेनॉइड नांवाच्या विजेच्या झडपा उघडतात, आणि झडपांना हुकूम देतो एक लहानसा संगणक. म्हणजे खरा प्रश्न असा होता: हात लुळा पडला आहे, कीं हाताला निरोपच पोंचत नाहीं?

आम्हांस यंत्राचें ज्ञान नाहीं. पण न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेक ठाऊक आहे. जें असतां दोष असतो व जें नसतां दोष नसतो, तें शोधावें. म्हणून आम्हीं गाडींत एक वही ठेवविली. तारीख, हवा, इंजिन थंड कीं गरम, दांडा कोठें होता आणि त्या वेळीं दुसरें काय बिघडलें, असे पांच रकाने. तीन आठवड्यांत दोष सहा वेळां उद्भवला. सहाही दिवशीं रस्ते वितळत्या बर्फानें ओले होते. शेवटच्या रकान्यांत सूनबाईंनीं चार वेळां लिहिलें होतें: “गाडी मागें घेतांना पांढरा दिवा लागला नाहीं.”

दिव्याचा आणि गिअरचा संबंध काय? चिरंजिवांनीं पुस्तिका काढली. दांडा कोणत्या जागीं आहे हें सांगणारा एक स्विच पेटीच्या कुशीस, उघड्यावर असतो. तोच संगणकास निरोप देतो व तोच मागचा दिवा लावतो. एका कारणानें दोन कार्यें साधत असतां दोन कारणें कल्पूं नयेत, यासच शास्त्रांत लाघव म्हणतात.

तरी घाई केली नाहीं. प्रथम सपाट जागीं, इंजिन गरम व चालू ठेवून, पेटीचें तेल पाहिलें. तें तांबडें व स्वच्छ निघालें. काळसर व करपट वासाचें असतें, तर मेकॅनिकचें म्हणणें मान्य करावें लागतें. मग दोष प्रकट असतांनाच, मोकळ्या मैदानांत, संगणकाचा फ्यूज काढला. या जातीच्या पेटींत वीज तोडली तरी दांड्यानें कांहीं गिअर मिळतात. सर्वच गाड्यांत तसें नसतें, म्हणून पुस्तिका आधीं पाहावी. दांडा सर्वांत खालच्या जागीं नेतांच गाडीनें पहिला गिअर खणखणीत घेतला. हात शाबूत होता!

स्विच काढून उघडला, तों आंत हिरवा गंज. तिकडे हिवाळ्यांत रस्त्यांवर मीठ व मॅग्नेशियम क्लोराइड टाकतात. त्याचें पाणी आंत मुरलें होतें. साफसफाईस एक दुपार व अगदीं थोडे पैसे लागले.

परंतु जो रोग आपण होऊन जातो, त्यावर कोणतेंही औषध गुणकारी भासतें. बरें वाटणें निराळें, बरें होणें निराळें. म्हणून गाडीच्या पोटाखालीं नळानें मुद्दाम पाणी मारलें, ओल्या रस्त्यांचे पंधरा दिवस पाहिले, आणि मगच नातीस मागें बसविलें. मेकॅनिकास आम्ही लबाड म्हणत नाहीं. गाडीनें त्यास रोग दाखविलाच नव्हता. त्यानें फक्त वय पाहिलें.

घरीं परतल्यावर आम्हीं आपल्या दुखऱ्या गुडघ्याचीही एक वही घातली आहे. रकाने पांचच.